दानूकाकांचं 'अरे नाय'

पेण शहरातील तमाम नागरिकांना, तसेच रोहे तालुक्यातील सुजाण जनतेला अत्यंत जबाबदारीने कळविण्यात येते की, आपल्यापैकी प्रत्येकाच्या शरीरात, अगदी पेशीपेशीत, श्री. दानियल रोहेकर आढळून आले आहेत. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. ते कोणाला काही करत नाहीत. ते फक्त 'नाय' म्हणतात.

ही बातमी पहिल्यांदा फुटली माझ्या कारखान्यात. कारखाना म्हणजे गणपतीचा. पेणमध्ये कारखाना म्हटलं की दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही. बातमीतला शास्त्राचा भाग मला अजूनही धड समजलेला नाही. तेव्हा पुढं जिथं गोंधळ वाटेल तिथं तो माझा समजावा, आणि जिथं सगळं फारच स्वच्छ वाटेल तिथं तर माझ्यावर मुळीच विश्वास ठेवू नये.

दानूकाका रोहेकर रामवाडीत आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. कागदावर दानियल, पण त्या नावानं हाक मारली तर मागं दुसरं कुणी उभं आहे का ते बघतात. ते बेने इस्रायल. म्हणजे आपले कोकणातले ज्यू. वालाचं बिरडं खाणारे, मराठीत भांडणारे, आणि बहुतेक सगळे केव्हाच इस्रायलला निघून गेलेले. दानूकाका राहिले. आडनाव रोहेकर आणि मुक्काम पेणला, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी अडचण आहे. पेणची कुठलीही चांगली गोष्ट दाखवा, काका म्हणणार, "रोह्याला याहून बरी व्हती."

नोकरी मात्र त्यांनी रोह्यालाच केली, एका केमिकल कंपनीच्या तपासणी खात्यात. तयार झालेला माल काकांसमोर यायचा आणि काका म्हणायचे, "अरे नाय." माल परत जायचा. मॅनेजर यायचे, विनवायचे, ट्रक गेटवर उभा आहे म्हणायचे. "अरे नाय." उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतः चिमूटभर पावडर बनवली नाही, फक्त दुसऱ्यांची अडवली. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "रोहेकरांची उणीव आम्हाला सदैव भासेल." व्यासपीठावरच्या खुर्चीतून खणखणीत आवाज आला, "अरे नाय." टाळ्या त्यालाच जास्त पडल्या, असं ऐकतो.

हे 'अरे नाय' ऐकायला सोपं आणि समजायला महाकठीण. चहा घेणार का विचारलं की काका "अरे नाय" म्हणतात आणि कपासाठी हात पुढं करतात. बसा म्हटलं की "अरे नाय" म्हणत बसतात. एस्तेरकाकी होत्या तोवर अर्थ लावायची जबाबदारी त्यांची होती. त्या सांगायच्या, "लग्नाला होकार दिला तोबी याच शब्दांत. माझा बाप रडायच्या बेताला आला व्हता." काकी गेल्या आणि ते काम आमच्या कारखान्याकडं आलं. आम्ही ते फार वाईट करतो.

रोज दुपारी जेवण झालं की काका येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि रंगकाम बघतात. मूर्तीला हात लावत नाहीत, नमस्कारही करत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला, म्हणजे विनायकला, खुलासा केला होता, "आमच्या धर्मात मूर्ती नाय, विन्या. तवा देवातलं मला काय इचारू नको. पन पितांबराला हा असला हिरवा? अरे नाय."

तो हिरवा ज्या रंगाऱ्यानं दिला होता तो नोकरी सोडून गेला. सुगंधा मात्र टिकली. सुगंधा आमच्याकडं आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे काढते. खाडीकाठच्या गावातली, जिभेला मीठ असलेली बाई. तिचा ब्रश डोळ्यावर टेकला की मीसुद्धा श्वास बेतानं घेतो. तिलाही काका सोडत नाहीत. "भुवई जाड झाली गो. अरे नाय."

"काका, तुमी एक डोला काढून दाखवा."

"मी कशाला काढू? मी नाय म्हनायला हाय."

शनिवारी काका येत नाहीत. त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नसतं, आणि नाय म्हणणं हे ते कामच समजतात. परिणाम असा की आमचे शनिवारचे गणपती लांबूनही ओळखू येतात. मुकुटाला सोनेरी जास्त, गालाला गुलाबी जास्त, एकदा तर उंदराच्या शेपटीला खडे लागले होते. रविवारी काका येतात, हात मागं बांधून रांगेवरून फिरतात आणि एखाद्या मूर्तीपाशी थांबून नुसतं म्हणतात, "शनवार."

आता बातमीकडं वळतो.

काकांची मुलगी रिबेका इस्रायलला असते. दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन येतो. काकांच्या घरात रेंज नाही म्हणून ते फोन कारखान्यात घेतात, आणि कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून स्पीकरवर घेतात. त्यामुळं त्यांच्या घरातलं आम्हाला सगळं माहीत असतं.

"पप्पा, कधी येताय इकडं? कायमचे?"

"अरे नाय. आंब्याचे दिवस हायत."

आंबे संपले की पाऊस. पाऊस ओसरला की गणपती. कारखाना सोडून कसं यायचं? थंडीत पोपटी. वालाच्या शेंगा मडक्यात घालून शेतात भाजायच्या, आणि आमच्या इथल्या लोकांना मडकं कधी उतरवायचं ते कळत नाही, काका पाहिजेतच. इथं तयार होणारे गणपती बोटीत बसून दूरदेशी जातात. काका काही जात नाहीत. रिबेका एक मोठा सुस्कारा सोडते, तो स्पीकरवर वाऱ्यासारखा ऐकू येतो, आणि मग ती फोन आपल्या मुलीकडं देते.

ही मुलगी नोआ. तिच्या नावाची मी काकांना फोड करून दिली होती: इंग्रजीतला नो आणि हिंदीतला आ, म्हणजे नकोही आणि येही. "अरे नाय," काका म्हणाले. पण नंतर चार लोकांना ते तेच सांगताना मी ऐकलं.

नोआ कधीच विचारत नाही की आजोबा, तू कधी येतोस. ती तिच्या कामाचं सांगते. ती तिकडं संशोधन करते, आणि ते नेमकं कशावर, हे काका तिला दर शुक्रवारी नव्यानं विचारतात. नोआची मराठी आईच्या स्वयंपाकघरात शिकलेली. त्यामुळं तिला शास्त्रही ओट्यावरच मांडावं लागतं.

"आजोबा, मटणातली नळी असते ना? आत मऊ मऊ?"

"तर काय."

"तशी आपल्या हाडातपण आहे. तिकडं रक्ताच्या पेशी जन्मतात. आधी कोवळ्या असतात. भेंडी कशी कोवळी असते, तशा. मग काही पेशी शिपाई होतात. ताप आला, खोकला आला, तर लढतात. पण कोवळ्या पेशीला माहीत नाही, मी कोण होणार. तिच्या आतून निरोप निघतात. हे बनव, ते बनव, अजून बनव. सगळे निरोप ऐकले तर भाजी करपेल."

"मग?"

"मग एक बारीकशी वस्तू आहे. ती निरोपाला वाटेत धरते आणि गप्प करते. स्वतः ती काहीच बनवत नाही."

सुगंधानं ब्रश खाली ठेवला. "सवता कायच बनवत नाय?"

"काहीच नाही, मावशी. आधी मोठ्या मोठ्या लोकांना वाटलं, हा कचरा आहे."

"आन् दुसऱ्यांना नुसतं गप करते?"

"हो."

एव्हाना कारखान्यातले सगळे जण काकांकडं बघत होते. काका फोनकडं बघत होते.

"नाव काय तिचं?" त्यांनी विचारलं.

"आर, एन, ए," नोआ म्हणाली, आणि मग तिकडच्या झोकात एकदम, "आरेनेय."

"अरे नाय?"

"हो आजोबा. आरेनेय."

"नाय म्हनते, म्हनून अरे नाय?"

"बरोबर, बरोबर. छोटा आरेनेय."

दोघांचंही समाधान झालं. फोन बंद झाल्यावर काका बराच वेळ पंख्याखाली ताठ बसून होते. सुगंधानं विचारलं, "काका, चा घेता?" तेव्हा ते नेहमीचे दोन शब्द म्हणाले, पण अशा थाटात की जणू त्यांच्यावर आता सरकारी शिक्का बसला आहे.

मग गावात बोभाटा झाला. काका भाजीवालीला सांगू लागले, बँकेत रांगेत उभ्या माणसाला सांगू लागले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, "काका, ती अक्षरं आहेत. आर. एन. ए."

"तेच तर म्हनतो मी," काका म्हणाले. डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा मोजला. बहुधा स्वतःचा.

पुढच्या शुक्रवारांमध्ये विषय वाढत गेला आणि माझा गोंधळही. कळलं ते असं की असले बारके पुष्कळ असतात आणि प्रत्येकाचे अडवायचे निरोप ठरलेले असतात. पेशीनं काय व्हायचं ते हे सांगत नाहीत. हे होऊ नको, तेही होऊ नको, एवढंच म्हणत राहतात, आणि पेशी हळूहळू कसलीतरी पक्की होते. नाय म्हणायची वेळही सांभाळावी लागते. फार आधी म्हटलं तर पेशी कोवळीच राहते, म्हणायला उशीर केला तर डोक्यावर बसते. एकदा मी मध्येच तोंड घातलं. "नोआ, निरोपच निघाला नाही, तर तो बारका काय करतो?"

"काही नाही, विनायककाका. बसून राहतो."

मला वाटतं, तेवढं एकच वाक्य मला पूर्ण समजलं होतं. म्हणजे असं मला तेव्हा वाटलं.

आणि मग एका शुक्रवारी रिबेकानं स्पीकरवर, आमच्या सगळ्यांच्या देखत जाहीर केलं, "पप्पा, मे महिन्यात नोआ येतेय तिकडं. तुम्हाला घेऊनच येणार आहे. मी तिला सांगितलंय, सरळ विचार."

"अरे नाय," काका म्हणाले.

पण त्याच आठवड्यात त्यांनी घराला रंग काढला. कुठला काढावा यावर त्यांनी स्वतःलाच इतके वेळा नाय म्हटलं की शेवटी रंगाऱ्यानं आपल्या मनानं मारून टाकला. इकडं कारखान्यात काळजी पसरली. सुगंधा म्हणाली, "काका गेलं तर मंग रोज शनवार." ती हे हसत म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

नोआ आली. उंच, पाठीवर पिशवी, केस मोकळे. आजोबांना बघून तिचं पहिलं वाक्य, "आजोबा, तू फोनवर मोठा वाटतोस." काकांनी घरी मलिदा केला. पाहुणी सुखरूप पोचल्याबद्दल त्यांच्यात एलियाहू पैगंबराच्या नावानं करतात तो: पेणचे पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. आम्हा सगळ्यांना ताट भरून आला. "गूळ कमी पडला," मी उगीच डिवचलं. "अरे नाय," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला हसू म्हणायला माझी हरकत नाही.

रविवारी ते नातीला कारखाना दाखवायला घेऊन आले. रांगेपाशी थांबून त्यांनी आपला शब्द टाकला, "शनवार." मी तिला शनिवारची भानगड सांगितली, तशी ती पोट धरून हसली.

"आम्हीपण हेच करतो, विनायककाका. पेशीतला एक छोटा आरेनेय काढून टाकतो. मग बघतो, काय बिघडलं. तेव्हा कळतं तो काय काम करत होता."

"मंग काय व्हतं?" सुगंधानं विचारलं.

"कधी शिपाई तयारच होत नाहीत. कधी इतके होतात, इतके भडकतात, की आपल्याच घरात मारामारी करतात."

सुगंधानं एका सोनेरी ओथंबलेल्या मुकुटाकडं बघितलं. "व्हतं असं," ती म्हणाली.

आता खरी मजा पुढं. नोआ घरी झोपलेली असताना काका दुपारी एकटेच कारखान्यात आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "विन्या, मऊ नाय कसं म्हनायचं?"

"म्हणजे?"

"ती इचारनार. येतोस का म्हनून. मी आपला फाटकन बोलनार, अरे नाय. पोरगी एवढ्या लांबून आलीय. तिला लागता नये."

ज्या माणसानं आयुष्यभर ट्रकच्या ट्रक अडवले, तो माझ्यासमोर उभा राहून नरम नकाराची चौकशी करत होता. मी सुगंधाला हाक मारली. शिकवणी शेवटी सुगंधानं घेतली.

"काका, आधी हसायचा. मंग म्हनायचा, बाय गो, आता नाय."

"बाय गो, आता नाय."

"तोंड वाकडं झालं."

"माझं तोंडच असं हाय."

"मंग गनपतीकडं बघून बोला. ते हसरं हाय."

आणि माझ्या कारखान्यात, रंग न दिलेल्या एका पांढऱ्याशुभ्र मूर्तीसमोर उभे राहून, दानूकाका रोहेकर पुन्हा पुन्हा म्हणू लागले, "बाय गो, आता नाय. पुढल्या वर्षी बघू. बाय गो..." आम्ही सगळे आपापल्या कामात डोकं घालून बसलो होतो. त्या दिवशी फार सावकाश काम झालं.

रोहेकरांनी रोहे बघितलंच पाहिजे म्हणून आम्ही तिघं एका सकाळी पॅसेंजर गाडीनं निघालो. काकांनी वाटेत डोंगराला नाय म्हटलं, पूर्वी तो याहून उंच होता. रोह्याला उतरून आम्ही लगतच्या वरसे गावात गेलो. तिथं त्यांचं जुनं घर होतं. आता तिथं इमारतीच इमारती.

"हितं विहीर व्हती. अरे नाय, पलीकडं. अरे नाय." आम्ही उन्हात गोल गोल फिरलो. शेवटी एका इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन मोटरसायकलींच्या मधे काका थांबले. पायानं जमीन चाचपल्यासारखी केली. मग वॉचमनशी विहिरीवरून वाद घालायला गेले. वॉचमन बिचारा परप्रांतातला, त्याला वाटलं विहीर चोरीला गेल्याची तक्रार आहे.

नोआ माझ्याजवळ आली. "विनायककाका, मम्मी म्हणाली, त्याला विचार. मी नाही विचारणार."

"का गं?"

"इकडं विहीर नाहीये, तरी त्याला माहीत आहे ती कुठं होती. तिकडं त्याला काय माहीत असेल? आणि मी विचारलं तर त्याला नाय म्हणावं लागेल. मला. तो रात्रभर झोपणार नाही." मग ती म्हणाली, "तू सांगू नको त्याला."

मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, सुटले काका. परतीच्या गाडीत ते नातीसमोर बसले होते, कपाळावर घाम, ओठ हलत होते. मला माहीत होतं काय घोकतायत. कासू स्टेशनात गाडी थांबली तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि तिच्याकडं बघितलं.

"आजोबा, पाणी?" नोआनं विचारलं.

"अरे नाय," काका म्हणाले आणि अर्धी बाटली प्यायले. विचारते की काय या धास्तीनं म्हातारा सुकला आहे, असं मी मनाशी म्हटलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. माणसं वाचण्यात माझा हात कुणी धरू नये.

ती निघाली त्या दिवशी गाडी कारखान्याच्या दारातच बोलावली होती. सगळे बाहेर आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून उभे. सुगंधानं नोआला हळूच एक इवलासा उंदीर दिला, खडे लावलेल्या शेपटीचा. "शनवारचा हाय," ती म्हणाली. नोआनं तो रुमालात बांधला. सगळ्यांना नमस्कार केला, मला मिठी मारली, मग आजोबांना घट्ट धरलं.

"आजोबा, गोळ्या वेळेवर घे. शुक्रवारी फोन करते. नवीन आरेनेय सांगते."

काका हसले. सुगंधानं शिकवलं होतं तसं, आधी हसले. आणि थांबले.

नोआ गाडीत बसली. दार लागलं. मी सुगंधाकडं बघितलं, सुगंधानं माझ्याकडं. संकट टळलं होतं. गाडी हलली, हायवेच्या तोंडाशी वाट मिळेना म्हणून थांबली. तेवढ्यात काका चालायला लागले, मग जवळजवळ पळायला. त्यांनी काचेवर टकटक केलं. काच खाली आली. आम्हाला वाटलं, औषधाचं काही राहिलं असेल. काकांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी एकदा हायवेकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि भर रस्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अगो, पन तू मला इचारलंसच नाय."